आक्काची तिसरी आवृत्ती, माझी पाचवी

लग्न होऊन मी लातूरहून नांदेडला आले तेव्हा माझ्या सामानात एक जाडजूड डिक्शनरी होती. इंग्रजी-इंग्रजी. एम.ए.ला असताना वडिलांनी घेऊन दिलेली. सासरच्या बायकांनी माझ्या पेटीतल्या साड्या, भांडी एकेक करून बाहेर काढून बघितली, तशी तीही बघितली. एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "हे काय, पोथी हाय का?" सगळ्या हसल्या. माझी नणंद तेवढी हसली नाही. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, पहिली दोन पानं उलटली आणि मला विचारलं, "पाचवी?"

मला वाटलं ती इयत्ता विचारते आहे. मी म्हटलं, "नाही नाही, मोठ्यांचीच आहे."

"तसं न्हाई वैनी. आवृत्ती म्हणून राहिले. माझ्याकडं तिसरी हाय."

नव्या घरात कुणीतरी माझ्याशी पहिल्यांदा काही कामाचं बोललं ते हे.

नणंद माझ्या नवऱ्याहून मोठी. घरातले, गल्लीतले, सगळेच तिला आक्का म्हणत, मीही म्हणू लागले. तेव्हा ती पस्तिशी ओलांडलेली होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. माणसं मूळची देगलूरची. आक्का तिथंच बारावी झाली, इंग्रजीत शाळेत पहिली आली. कॉलेजात नाव घातलं त्या आठवड्यात सासऱ्यांनी तिला डिक्शनरी आणून दिली. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. धाकटा भाऊ शाळेत होता, घरात दुसरी बाई नव्हती. कॉलेज सुटलं, डिक्शनरी राहिली. पुढं भावाला नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा वाट्याची जमीन चुलत्याच्या हवाली करून तिघंही इकडं आले. आक्कासाठी स्थळं येत होती तोवर भाऊ लहान होता. भाऊ मोठा झाला तोवर स्थळं यायची थांबली होती. हे मला कुणी बसून सांगितलं नाही. घरात राहता राहता कळत गेलं.

तिची डिक्शनरी मी पहिल्यांदा बघितली ती स्वयंपाकघरात, डाळ-तांदळाच्या डब्यांच्या फळीवर. तिला खाकी कागदाचं कव्हर होतं आणि कडा हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या. फुरसत झाली की आक्का ती काढायची आणि गोष्टीचं पुस्तक वाचावं तशी वाचायची. शब्द अडला म्हणून नव्हे. अडायला तिच्या वाचनात दुसरं इंग्रजी काही येतच नव्हतं.

मला अजून नोकरी लागलेली नव्हती. शाळांमधून मुलाखती चालू होत्या. एका दुपारी आक्का अंबाडीची भाजी निवडत होती आणि मी शेजारी बसून तयारी करत होते. 'ब्राउझ' या शब्दाचा अर्थ मी मोठ्यानं वाचला, दुकानात काही घ्यायचं नसताना वस्तू सहज बघत हिंडणं. आक्का मान वर न करता म्हणाली, "चूक हाय ते. शेळ्या झाडाचा पाला ओरबाडत्यात, ते ब्राउझ."

"आक्का, पुस्तकात बघूनच वाचते आहे मी."

"मी बी पुस्तकातलंच सांगून राहिले."

तिनं हात पुसून फळीवरून आपली काढली. दोन्ही पुस्तकं चटईवर शेजारी शेजारी उघडली. तिच्यात पहिला अर्थ शेळ्यांचा, दुसरा पुस्तकं चाळण्याचा. माझ्यात पहिला दुकानाचा, मग पुस्तकांचा, आणि शेळ्या सगळ्यांत खाली गेलेल्या. आक्का बराच वेळ दोन्हीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एकाच डिक्शनरीचं असं होतंय? मला वाटलं, नवी म्हणजे कागद नवा."

मलाही, खरं सांगायचं तर, तोवर तसंच वाटत होतं. एम.ए. झाले होते, भाषा बदलते हे परीक्षेत लिहिलंही होतं. पण एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या अशा समोरासमोर मांडून कधी बघितल्या नव्हत्या.

"पहिल्यापासनं बघू या की," आक्का म्हणाली.

तसं आम्ही 'ए'पासून सुरू केलं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, जेवून पडले आणि भांडी झाली की आमची चटई पडायची. ती तिची वाचायची, मी माझी. जिथं दोन्हीत सारखं असेल तिथं पुढं जायचं. जिथं फरक लागेल तिथं थांबायचं. कधी दुपारभर दोन पानंसुद्धा होत नसत, कारण थांबलं की बोलणं सुरू व्हायचं.

आमच्या दोघींची नजर वेगळी होती. मला नवे आलेले शब्द दिसायचे. 'ई-मेल' आला, 'फॅक्स' आला, असं मी आनंदानं सांगायची. आक्काला गेलेले दिसायचे. तिच्या पुस्तकात 'बी'मध्ये घोडागाड्यांची दोन-तीन नावं होती, माझ्यात त्यातली गायब होती. ती म्हणाली, "नांदेडचे टांगे गेले तसे हे बी गेले." मग थोड्या वेळानं, "पण वैनी, काढायच्या आधी कुणाला इचारत असतील का गं? का तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या काट मारत्यात?"

मला काय ठाऊक. मी म्हटलं, कुणी वापरत नाही असं दिसलं की काढत असतील.

"मी वाचत होते की," आक्का म्हणाली.

उदाहरणादाखल दिलेली वाक्यं तिला पाठ होती. तिनंच माझ्या लक्षात आणून दिलं की तिच्या पुस्तकातली बाई शिवते, रांधते, रडते आणि कुणाची तरी वाट बघते, आणि माझ्या पुस्तकातली बाई गाडी चालवते, भाषण करते, कंपनीतून राजीनामा देते. "वीस वर्षांत कुठल्या कुठं गेली बघ ही बाई," ती म्हणाली. हसतच म्हणाली.

'बॅचलर'चं मला विसरता येत नाही. तिच्या आवृत्तीत अर्थ दिला होता, अविवाहित पुरुष, आणि पुढं लिहिलं होतं की 'स्पिन्स्टर' या शब्दाशी ताडून पाहा. माझ्या आवृत्तीत ती सूचना नव्हती. आम्ही क्रम सोडत नसू, पण त्या दिवशी आक्का म्हणाली, "तुझ्यातला 'एस' काढ." मला तो शब्द माहीत होता, तिला तर होताच. मी पानं उलटली. माझ्या आवृत्तीत अर्थाच्या आधी कंसात इशारा होता, हा शब्द आता जुना झाला आहे आणि पुष्कळदा अपमान करायला वापरतात. आक्कानं पुस्तक स्वतःकडं ओढून ते दोनदा वाचलं. तिच्यात तसलं काही नव्हतं. तिच्यात नुसतं होतं, लग्नाचं वय उलटून गेलेली बाई.

"बरं झालं," ती म्हणाली. "कुणाच्या तरी ध्यानात आलं म्हणायचं."

आणि उठून चहा ठेवायला गेली.

त्याच सुमारास मी तिला म्हटलं, आक्का, बाहेरून बी.ए. का करत नाही? तिनं लगेच मान हलवली, "आता ह्या वयात?" पण दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, फॉर्म कुठं मिळतो. आम्ही दोघी घाबरत घाबरतच मामांना विचारायला गेलो. मामा पेपर वाचत होते. म्हणाले, "कर की. कोण नको म्हणून राहिलंय?"

आक्का बाहेर आली आणि पायरीवर बसली. "कोण नको म्हणतच नव्हतं व्हय इतके दिवस," ती म्हणाली. तिला हसू येत होतं का रडू, ते मला कळलं नाही.

पहिलं वर्ष ती चांगल्या मार्कांनी पास झाली. परीक्षेला मी ऑटोतून तिच्याबरोबर जायची. वर्गात तिच्याहून निम्म्या वयाची मुलं. ती पदर खोचून, दोन पेनं घेऊन आत जायची आणि बाहेर आली की पेपर कसा गेला ते सांगायच्या आधी, पेपरातला कुठला शब्द कुठल्या आवृत्तीतल्या अर्थानं आला होता ते सांगायची.

मलाही शाळा मिळाली. चटई मग रोज पडेना, रविवारीच पडायची. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही 'एफ' संपवला. शेवटचं पान झाल्यावर आक्कानं दोन्ही पुस्तकं मिटली आणि म्हणाली, "पुढल्या रविवारी 'जी'."

पुढल्या रविवारी पाहुणे आले. शिरूर अनंतपाळचं स्थळ होतं. बायको वारलेली, खता-बियाण्याचं दुकान, थोडी जमीन, नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. माणूस शांत होता, फार बोलला नाही. मुलीला बरोबर आणलं होतं. ती सगळा वेळ आक्काच्या तोंडाकडं बघत होती.

घरात सगळ्यांना एकदम आनंद झाला. एवढी वर्षं ज्याच्यावर कुणी बोलत नव्हतं ते सगळे एकदम बोलू लागले. मामा तर त्या आठवड्यात दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. मी आक्काला गच्चीवर एकटं गाठून विचारलं, "तुमच्या मनात आहे ना? का मामांसाठी?"

तिनं वाळत घातलेले कपडे काढता काढता उत्तर दिलं. "दोन लेकरं हायेत वैनी. ती पोरगी बघितलीस? तिच्या वेण्या बापानं घातल्या होत्या, भांगसुद्धा नीट न्हाई पाडला." मग म्हणाली, "परीक्षा काय, तिथनं बी देता येईल. लातूर जवळच हाय."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही दिसत नाही. ते स्थळ चांगलंच होतं.

ती निघाली त्या दिवशी मी माझी पाचवी आवृत्ती तिच्या बॅगेत घातली होती. तिनं ती काढून माझ्या हातात दिली. "तुला शाळेत लागती. मला तिथं जुनीनं चालंल." खूप म्हटलं, ऐकलं नाही. तिसरी मात्र तिनं साड्यांच्या मधोमध ठेवून नेली. मामांनी आणलेली होती ना.

सुरुवातीला फोन यायचे. फोन दुकानात होता, आणि दाजी जेवायला घरी गेले की दुकानात आक्का बसायची. तेवढ्यात ती नंबर फिरवायची. "वैनी, लवकर बघ गं, अमुक शब्द तुझ्यात काय दिलाय?" क्रमानं काही होत नव्हतं. पोराच्या शाळेच्या पुस्तकात, औषधाच्या डब्यावर, बियाण्याच्या पिशवीवर जो शब्द दिसेल तो. मी वाचून दाखवायची, ती तिचा वाचायची. मधेच गिऱ्हाईक आलं की "हाव, हाव, ठेवते," म्हणून ठेवायची.

बी.ए.चं दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. एका वर्षी पोराला टायफॉईड झाला. दुसऱ्या वर्षी परीक्षा नेमकी पेरणीच्या दिवसांत आली, तेव्हा दुकानातून कुणालाच हलता येत नाही. दाजी नको म्हणाले नव्हते. कुणीच नको म्हणालं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता पोरगी मोठी व्हायली, तिचंच बघते."

मुलगी तिला आई म्हणत होती. अगं-तुगं करत होती, पोटच्या पोरीसारखी भांडत होती. आक्कानं तिला इंग्रजी शिकवलं, तिसऱ्या आवृत्तीवरून. मुलगी दहावीला चांगले गुण मिळवून लातूरला अकरावीला गेली, होस्टेलवर राहिली. त्यानंतर केव्हातरी आक्काचे शब्द विचारणारे फोन बंद झाले. बाकी बोलणं व्हायचं. पाऊस, मामांचं गुडघ्याचं दुखणं, सोयाबीन. मला वाटलं, कामं वाढली असतील. प्रत्येकाच्याच वाढतात.

पुढल्या उन्हाळ्यात मी त्याच डिक्शनरीची सातवी आवृत्ती घेतली. घेतली त्या क्षणी पहिला विचार आक्काचाच आला. आता पाचवी तिला देता येईल, आणि तीन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतील. सुट्टी लागली तशी मी दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून निघाले. लातूरला माहेरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं शिरूरला पोहोचले.

आक्का दारातच होती. केस पांढरे झाले होते, अंगानं भरली होती. बरी दिसत होती. माझा हात धरून आत नेलं, पाणी दिलं, लगेच भाकरीला बसली. मी पिशवीतून पुस्तकं काढून तिच्यापुढं धरली. "ही पाचवी तुम्हाला. आता माझ्याकडं सातवी आली."

"ठेव तिथं," ती म्हणाली. हात पिठाचे होते.

जेवणं झाली. दाजी दुकानात गेले. मी चटई शोधून अंथरली, मुद्दाम, जुन्या सवयीनं. "तिसरी कुठं आहे?"

"असंल. माळ्यावर टाकली बहुतेक."

"काढू का? आपला 'जी' राहिलाय आक्का."

"राहू दे की," ती म्हणाली. "राहिल्यानं कुणाचं काय अडलंय? तू लवंड जरा, उन्हातनं आलीस."

ती स्वतः भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, थकली असेल. मी दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसून राहिले. एकटीनं उघडली, मिटली.

दुपारी उशिरा निघाले तेव्हा मुलगी, सुट्टीला घरी आलेली, मला एस.टी. स्टँडवर सोडायला आली. चांगली उंच झाली होती. स्टँडवर गाडीची वाट बघताना एकदम म्हणाली, "मामी, आईला डिक्शनरीचं नका ना विचारत जाऊ."

"का गं?"

तिनं सांगितलं. अकरावीच्या सुरुवातीला इंग्रजीच्या तासाला प्रत्येकानं वडिलांवर निबंध लिहून वर्गापुढं वाचायचा होता. तिनं तो घरी येऊन आक्कापाशी बसून लिहिला होता. वडील कसे राबतात, दुकान कसं सांभाळतात, आणि एवढं असून स्वभावानं कसे हसतमुख. त्या हसतमुखाला आक्कानं आपल्या पुस्तकातून शब्द दिला होता, 'गे'. मुलीनं वर्गात उभं राहून वाचलं, माझे वडील 'गे' आहेत. पुढं तिला वाचताच आलं नाही. पोरं बाकांवर लोळून हसली. शिकवणारेसुद्धा तोंडावर हात धरून हसत होते. आपण काय चुकलो हेही तिला कळेना. ते संध्याकाळी होस्टेलवर एका मुलीनं समजावून सांगितलं. त्यानंतर वर्षभर पोरं तिच्या वडिलांवरून तिला बोलत राहिली.

"मी त्या रविवारी घरी येऊन आईला लई बोलले मामी," ती म्हणाली. "म्हटलं, तुमची इंग्लिश तुमच्यापाशी ठेवा." मग म्हणाली, "तिला 'तुम्ही' म्हटलं मी."

"मग?"

"तिनं पुस्तक घेतलं आणि माळ्यावर ठेवलं. मी मागनं माफी मागितली, लई वेळा मागितली. ती म्हणती, अगं तसं काही न्हाई. पण खाली काढली न्हाई."

गाडी आली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चढले. गाडीत सातवी आवृत्ती उघडून तो शब्द काढला. आता त्याचा पहिला अर्थ तोच होता ज्याच्यावर वर्ग हसला. आणि अगदी शेवटी, जुना वापर असं लिहून, हसतमुख, आनंदी. पाचवीत त्याआधीच फेरबदल झालेला असणार. ती मी शिरूरला ठेवून आले होते, पण मला बघायची गरज नव्हती. 'जी'ची ती पानं पहिल्याच दोन-तीन रविवारांत आली असती.

लातूरला पोहोचल्यावर राहवेना, म्हणून तिथून आक्काला फोन केला.

"तुला पोरीनं सांगितलं व्हय," ती म्हणाली.

"आक्का, तुमचं चुकलेलं नाही. नव्यात पण तो अर्थ आहे. जुना म्हणून दिलाय, चूक म्हणून नाही."

मागं दुकानात कुणीतरी युरियाचा भाव विचारत होतं.

"माझ्या पुस्तकात तो आनंदीच होता वैनी," ती म्हणाली. "किती येळा वाचला असंल मी तो. चांगला वाटायचा. म्हणून तर दिला." मग म्हणाली, "पोरगी भरल्या वर्गात उभी होती गं. तिथं कोण पुस्तक उघडून बघतंय, जुना हाय का चूक हाय ते."

आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिनं फोन ठेवला.

ते स्थळ महिनाभर उशिरा आलं असतं तर. तिनं निघताना बॅगेतलं पुस्तक राहू दिलं असतं तर. फोनवरच्या त्या घाईत एकदा जरी हा शब्द निघाला असता तर. असले विचार मी पुष्कळ केले. वर्गात शिकवताना मुलं मोबाईलमध्ये अर्थ बघतात तेव्हा अजूनही करते. त्यांच्या मोबाईलमधल्या डिक्शनरीला आवृत्ती नसते. अर्थ सरकला तर सरकला, काल तिथं काय होतं ते कुणाला कळत नाही, आणि जुनं पुस्तक हातात धरून कुणी एकटं मागं राहत नाही. त्यांच्या दृष्टीनं हे बरंच आहे. मी एकदा एकटीनंच 'जी'पासून पुढं बघायचं ठरवलं होतं. पण माझ्याकडं सातवी एकटीच उरली होती. ताडून बघायला दोन लागतात.

मामा गेले. दाजींचं दुकान मुलगा बघू लागला. मुलगी शिकली, लातूरला एका दवाखान्यात औषधांच्या विभागात लागली, तिचं लग्न झालं. आईला पुन्हा तूच म्हणते, रोज फोन करते. बाकी सगळं बघितलं तर आक्काचं चांगलं झालं. असं मी स्वतःला सांगते, आणि ते खोटंही नाही.

गेल्या वर्षी आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला केलं. मुलगी तिला घेऊन आली, ऑपरेशन झाल्यावर कामावर परत गेली, आणि आठवडाभर आक्का आमच्याकडं राहिली. डोळ्यावर हिरवी पट्टी, दिवसातून चार वेळा थेंब. ती पडून असायची आणि मी शेजारी बसायची. एकदा धीर करून विचारलंच, "दोन्ही डिक्शनऱ्या आहेत का अजून?"

"घर पाडून नवं बांधलं की मधी," ती म्हणाली. "माळा निघाला. त्यातलं सामान कुणी कुठं ठेवलं, कुणी टाकलं, मला काय ठावं. पोरांनीच आवरलं सगळं." मग म्हणाली, "तुझी पाचवी बी गेली त्यात. मी आधी द्यायला पायजे होती तुला माघारी."

"माझ्या पाचवीचं जाऊ द्या."

"तिसरी बाबांनी देगलूरला आणली होती," ती म्हणाली. "बाजारातनं थैलीत घालून आणली, वर कोथिंबीर." पट्टीखालून पाणी ओघळलं तसं मी घाईघाईनं म्हटलं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तिनं "हाव" म्हटलं आणि कूस बदलली.

पट्टी निघाली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. तिला जायचं होतं त्या सकाळी मी ऑटो बोलावला आणि तिच्याबरोबर स्टँडपर्यंत निघाले. रस्त्यावर खूप गर्दी होती. आक्का कडेला बसून बाहेर बघत होती. नव्या डोळ्यानं तिला सगळं लख्ख दिसत असावं. कारण ती वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, हळू, ओठातल्या ओठात. इंग्रजी पाट्या. ऑप्टिकल्स. टायर्स अँड बॅटरीज. डेंटल क्लिनिक. एकही चुकली नाही. मी तिच्याकडं बघत होते, ते तिच्या ध्यानात नव्हतं. मला वाटलं, काही म्हणावं. मग वाटलं, म्हटलं तर ती थांबेल. ती स्टँड येईपर्यंत वाचत राहिली.

ऑटोतून उतरताना तिनं माझा खांदा धरला. "लई दुकानं झाली गं नांदेडला," ती म्हणाली, आणि लातूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारायला पुढं गेली.